बुंध्याची माझी बाजू

आबा, झाडं पाडायला नवं कटर घेतलं. तुम्हाला न विचारता घेतलं, हे आधीच सांगून मोकळी होते, नाहीतर तुम्ही पुढचं काही ऐकूनच घेणार नाही. रागवायचं तर रागवा. पण रागवायला इथवर यावं लागेल, आणि ते काही आता तुमच्या हातात नाही. तेव्हा एकदा तरी सुनेचं म्हणणं मध्ये न बोलता ऐका.

तेरावं पार पडलं. पाहुणे गेले. अक्कांनी तुमची खाट अंगणातून आत घेतली, थोडा वेळ तिच्याकडं पाहत बसल्या आणि परत बाहेर काढायला लावली. "आत लय जागा अडवते," म्हणाल्या. तुमचा लेक अन् माझा नवरा प्रकाश पुन्हा भुसावळला ड्युटीवर जायला लागला. रेल्वेची नोकरी, रजा ती किती मिळणार? घर एकदम रिकामं झालं. सकाळी चहा टाकला की मी अजून तुमचा कप काढते आणि मग स्वतःवरच चिडते. रडायला येतं, खोटं कशाला बोलू? पण रडता रडता तुमचं काहीतरी बोलणं आठवतं आणि हसू फुटतं. अक्का म्हणतात, "सूनबाई, एक काय ते कर."

तेराव्याला सलीमभाई मिस्तरी आले होते. निम्म्या बोदवडची दारं-खिडक्या ज्यांच्या हातची, ते तुमचे दोस्त सलीमभाई. कोपऱ्यात बसून राहिले, जेवले नाहीत, नुसतं पाणी घेतलं. निघताना मला बाजूला बोलावलं. त्यांच्या घरामागचा तो वाळका निंब. तो पाडायची परवानगी भाईंनी कधीच काढून ठेवली होती, आणि तुम्ही शब्द दिला होता, वैशाखातली वादळं सुटायच्या आत पाडून देतो म्हणून. तीच वादळं, जी तिकडं रावेर-यावलला उभी केळी आडवी करतात. निंब पार वाळलेला, बुंधा घराकडं जरासा कललेला, आणि खाली पत्र्याची खोली. भाईंची लेक बाळंतपणाला आलेली. वारं सुटलं की ती तान्ह्याला उचलून पुढच्या खोलीत पळते, आणि सगळं घर तिथंच दाटीवाटीनं बसून राहतं.

"बेटी," भाई म्हणाले, "आबाने जबान दी थी. पण आता आबाच नाहीत. तू मनाला लावून घेऊ नको. मी भुसावळची पार्टी बोलावतो."

मी म्हटलं, "भाई, शब्द घराचा आहे. मी पाडीन."

बोलून तर बसले. तो निंब आपल्या कटरनं पडायचा नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं. त्यावरूनच तर आपलं शेवटचं भांडण झालं आणि ते तसंच अर्धवट राहिलं.

भाई गेल्यावर मी अक्कांना सांगितलं. वाटलं, म्हणतील, सुतकातून आत्ता उठलो, कुठं झाडं पाडायला निघालीस. अक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जाय. त्याईचा शब्द अर्धा राह्यला नाई पाह्यजे."

तुम्हाला आठवतं का, हे सगळं सुरू कसं झालं ते? मी लग्न होऊन आले तेव्हा कपाशी नावाला होती, तुमचा सगळा जीव झाडांत. कुणाच्या बांधावरचं, कुणाच्या खळ्यातलं वाळलेलं झाड उभंच विकत घ्यायचं, पाडायचं आणि ओंडके भुसावळच्या सॉ मिलला घालायचे. दोघांनी ओढायची लांब करवत होती. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला प्रकाश. त्याला रेल्वेत नोकरी लागली आणि करवतीचं दुसरं टोक रिकामं पडलं. गडी मिळायचे, पण केळीची कापणी निघाली की तिकडं पळायचे. एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. सासरे चुलीपाशी येत नसत, म्हणून मी गडबडून पदर पुढं ओढला. तुम्ही बोललात अक्कांशी, पण ऐकवलंत मला. "हिचे हात पाह्यले का तू? कणीक कशी मळते? हे हात करवतीले पाह्यजे."

अक्का म्हणाल्या, "लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले म्हना, या मंग दुसऱ्या टोकाले."

कुणी आलं नाही. मी आले.

आणि पहिल्याच दिवशी पंचाईत. समोर सासरे. मी डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून करवत ओढतेय. आता ती करवत अशी की समोरच्याचा खांदा दिसल्याशिवाय कधी ओढायची अन् कधी सोडायची ते कळतच नाही. मी बुंध्याकडं पाहत ओढायची आणि करवत मध्येच वाकायची, अडकायची. तुम्ही थांबलात. उपरण्यानं तोंड पुसलंत. "पदर खोच," म्हणालात, "अन् माह्याकडं पाह्य. झाड पडताना मान खाली ठेवली तं मरशीन."

मी पदर खोचला आणि वर पाहिलं. लग्न होऊन वर्ष होत आलं होतं आणि तुमचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला, आबा. उजव्या भुवईवर जुना व्रण आहे, हे तेव्हा कळलं. तुम्ही गंभीर होऊन ओढता तेव्हा जीभ दातात धरता, हेही कळलं. माहेरी मला कुणी 'वर बघ' म्हटलं नव्हतं, सासरी तर कुणी म्हणेल असं स्वप्नातही नव्हतं. त्या एका वाक्याचे उपकार मी कुठं ठेवू, सांगा. मरेपर्यंत पुरतील इतके आहेत ते.

मग तुमचे खांदे भरून यायला लागले आणि करवतीचे दिवस संपले. जो तो इंजिनवर चालणारं कटर घ्यायला लागला होता. तुम्हीही ठरवलंत. आपल्या मळ्यातली वाळलेली चिंच पाडायची होती, तिच्या मापानं कटर घ्यायचं म्हणालात. कंबरेच्या उंचीवर बुंध्याला सुतळी गुंडाळलीत, गाठ मारलीत, सुतळी काढलीत आणि सवयीनं चारपदरी दुमडलीत. मिलमध्ये लाकूड असंच मोजतात, घेराचा चौथा हिस्सा धरून. साल, भुसा, वाकडंतिकडं सगळं त्यात वजा होतं. जन्मभर तुम्ही सुतळी चारपदरीच दुमडत आलात, तेव्हा हात आपोआप तेच करणार. ती घडी खिशात घालून आपण भुसावळला गेलो आणि तुम्ही काउंटरवर हात टेकून रुबाबात सांगितलंत, "झाड अठरा इंची आहे. अठराचीच पट्टी द्या."

पट्टी म्हणजे कटरच्या पुढचं ते लांब पातं, ज्याच्या कडेनं साखळी फिरते. दुकानदार म्हणाला, "आबा, दोन इंच जास्त घ्या, असू द्या." तुम्ही म्हणालात, "काब्रं? आमाले मोजता येत नाई का?" तो बिचारा काय करणार, गिऱ्हाईकच एवढं ठाम!

मळ्यात आलो, चिंचेला पट्टी लावली आणि पलीकडं चांगला मूठभर बुंधा उरला. तुम्ही पट्टी वरून लावून पाहिलीत, खालून लावून पाहिलीत. मग मागं सरलात, कंबरेवर हात ठेवलेत, झाडाकडं रागानं पाहिलंत आणि म्हणालात, "झाड फुगलं."

"काय?"

"झाड फुगलं, माय. ऊन लय आहे."

मी तिथंच मातीत बसले, हसून हसून पोट दुखलं माझं. घरी येऊन पिठाची परात घेतली, तिच्या कडेनं तुमचीच सुतळी फिरवली आणि जिथं टोकं भेटली तिथं गाठ मारली. चारपदरी करून परातीवर आडवी ठेवली. पुरेना. तीनपदरी केली. आता जवळजवळ बरोबर बसली. "पाहा आबा," मी म्हटलं, "चौथा हिस्सा मिलवाल्यांसाठी. आडवी रुंदी पाहिजे असेल तर तिसरा." अक्का भाकरी थापायची थांबून पाहत होत्या. तुम्ही परात उलटी केलीत, सुलटी केलीत, टिचकी मारून पाहिलीत. "परातीचं अन् झाडाचं एक नसते," म्हणालात आणि चूळ भरायला उठलात. झालं, विषय संपला!

बदलून आणू म्हटलं तर ते तुम्हाला चालेना. ज्या दुकानात एवढं ठणकावून सांगितलं तिथं परत कोणत्या तोंडानं जाणार? मग त्या आखूड पट्टीनं मोठं झाड पाडायचं कसं? तर दोन बाजूंनी. जिकडं पाडायचं तिकडच्या अंगाला आधी मोठी खाच घ्यायची. मग मागून कापत यायचं. अर्धं तुम्ही तुमच्या बाजूनं कापायचात, कटर बंद करायचात, बुंध्याला वळसा घालून माझ्या हातात द्यायचात. उरलेलं अर्धं माझं. खाच आणि काप यांच्यामध्ये चार बोटं लाकूड राखायचं, त्याला तुम्ही बिजागरी म्हणायचात, कारण दार बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर वळून ठरल्या जागी पडतं. मी कापत असताना तुम्ही समोरून पाचर ठोकायचात. मान वर, नजर माझ्याकडं. करवत गेली होती तरी दोन टोकं तशीच राहिली होती.

दोन बाजूंचे काप मध्ये नेमके कधी भेटले म्हणून नाहीत. बोटभर वर-खाली व्हायचेच, आणि खुंटावर पायरी पडायची. झाड पडलं, धूळ बसली की तुमचं पहिलं काम म्हणजे त्या पायरीवरून अंगठा फिरवायचा. "सूनबाईची बाजू खाली गेली." दर वेळी माझीच! मी म्हणायची, "तुमची वर गेली असेल." "माही कशी वर जाईन? म्या सरळ धरलं होतं." आणि कधी तुमचाच काप आंधळ्यालाही तिरका दिसला असता, इतका तिरका गेलेला असला, की मग ठरलेलं उत्तर यायचं. झाड फुगलं. किती झाडं फुगली हो तुमच्या राज्यात! बाभळी फुगल्या, शिरीष फुगले, तिकडं धुळ्याच्या पार पिंपळनेरला पाहुण्यांच्या बांधावरची निलगिरी पाडायला गेलो तर तीही फुगली.

पिंपळनेरचं दुसरंही एक आठवतं. तिथल्या बाया माझ्या हातातलं कटर पाहून गोळा झाल्या. एकीनं तुम्हाला विचारलं, "आबा, हाई तुम्हनी वहू शे का आंडेर?" सून की लेक, असं. तुम्ही पाचर झटकलीत आणि त्यांच्याच अहिराणीत उत्तर दिलंत, "मन्हं दुसरं टोक शे." माझं दुसरं टोक! बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी कटरची साखळी उगाचच तपासत बसले, डोळे भरले होते म्हणून. तुम्ही पाहिलं नाही, किंवा पाहूनही दाखवलं नाही.

तेराव्याला जमलेल्या बायकांत अक्कांची बहीण म्हणत होती, "आबाचं मन किती मोठं! सुनेले काम मिळावं म्हनून मुद्दाम लहान पट्टी घेतली." मी ऐकून घेतलं. खोटं आहे ते, आबा. मुद्दाम-बिद्दाम काही नाही. तुम्ही सुतळी चारपदरी दुमडलीत, बस्स. चूक झाली तुमची, धडधडीत चूक. पण पट्टी लांब आली असती तर तुम्ही एकाच बाजूनं आरपार कापून मोकळे झाला असता आणि मी फांद्या गोळा करत बसले असते. त्या चुकीनं मला प्रत्येक झाडाचा अर्धा बुंधा मिळवून दिला. तुमच्या चांगुलपणाचे उपकार आहेतच, पण तुमच्या चुकीचे त्याहून जास्त आहेत. हे तुमच्या तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही असं नाही. बोलले असते तर चूक कबूल करावी लागेल म्हणून तुम्ही उपकारच नाकारले असते, तुमचा काय भरवसा!

आता ते भांडण. भाईंचा निंब पाहायला आपण गेलो तेव्हा तुमच्या अंगात कणकण होतीच. एक सुतळी पुरली नाही, दुसरी जोडावी लागली. मी तीनपदरी केली आणि आपल्या पट्टीशी लावून पाहिली. दोन्ही बाजूंनी आत घातली तरी मध्ये गाभा उरणार होता. तुम्ही म्हणालात, "खाचेतून टोक घुसवू. गाभा पोखरून काढू."

"टोक घुसवायचं? आणि उसळलं म्हणजे?" पट्टीचं टोक आधी लाकडाला टेकलं की कटर झटका मारून अंगावर येतं. एकदा तुमचा पायजमा मांडीपासून फाटला होता त्यानं, मांडी वाचली हे नशीब. मी म्हटलं, "मोठं कटर घेऊ, आबा. दमदार इंजिनाचं."

"मोठं कायले? तुह्याच्यानं उचलन का?"

"मी उचलीन."

तुम्ही बुंध्यावर हात ठेवलात. निंबाची साल नखानं सोलत राहिलात. मग हळूच म्हणालात, "अन् मी?"

उत्तर माझ्या ओठावर होतं. तेवढ्यात भाईंनी चहा आणला, त्यांची लेक बाळ दाखवायला आली, तुम्ही बाळाच्या मुठीत बोट दिलंत आणि बोलणं तिथंच राहिलं. मग ताप चढला, मग भुसावळचा दवाखाना. तिथं तुम्ही एवढंच म्हणालात, "भाईचा निंब." मी म्हटलं, "होईल, आबा." कटरचं नाव तुम्हीही काढलं नाही, मीही काढलं नाही. ते उत्तर अजून माझ्याजवळच आहे. आता देते. तुम्ही माझ्यासमोर उभे राहणार होतात, आबा. पाचर घेऊन. तुम्हाला कटर उचलायचं नव्हतं, नुसतं समोर राहायचं होतं. तुमच्याशिवाय मी कुठल्या झाडाला हात लावला असता?

तर मी त्याच दुकानात गेले. दुसरीकडं जायचं मनात आलं नाही. दुकानदारानं मागं पाहिलं, तुम्ही येताय का म्हणून. सांगितलं त्याला. त्यानं हातातलं बिलबुक मिटलं. मग म्हणाला, "आमाले मोजता येत नाई का, म्हणाले होते मला." एवढ्या वर्षांनी ते वाक्य त्याच्या लक्षात! आम्ही दोघंही हसलो आणि मग मला काउंटरवरचं पाणी प्यावं लागलं.

मी पिशवीतून जोडलेली सुतळी काढली आणि काउंटरवर तीनपदरी दुमडली. खरं सांगू, हात चारपदरीच करायला गेला होता. तुमचीच सवय, दुसरं काय.

दुकानदारानं सगळ्यात मोठं कटर काढलं. पट्टी एवढी लांब की निंब एका बाजूनं आरपार. "एकदा घाला आणि विसरा, ताई," म्हणाला. मी उचलून पाहिलं. कंबरेशी धरलं तर ठीक, पण हात पुढं करून धरलं तर खांदा ओरडायला लागला. त्यांच्याकडचा मेकॅनिक पिंपळनेरकडचाच निघाला. तो म्हणाला, "ताई, हाई जड शे. अन् इतकी लांब पट्टी, तिन्हं टोक दुसरी बाजूले काय करस ते तुम्हले दिखत नही." मला ते पटलं. पलीकडं दिसत नसताना कापायचं म्हणजे मान खाली घालून कापणंच झालं की.

दुसरं दाखवलं ते हलकं, पण वाळक्या निंबात त्याचं इंजिन घुसमटून बंद पडलं असतं. पट्टी लांब आणि इंजिन दुबळं, हा जोड काही कामाचा नाही, हे मेकॅनिकनं सांगायच्या आधी मीच सांगितलं. तिसरं घेतलं. इंजिन जुन्यापेक्षा चांगलं दमदार, मुठींना रबर बसवलेलं, म्हणजे तुमची बोटं जशी बधिर व्हायची तशी होणार नाहीत. झटका बसला की साखळी जागेवर थांबवणारा ब्रेक आहे. चालू करून दोनदा तपासून घेतला. आणि पट्टी आपल्या जुनीपेक्षा लांब, पण निंबाच्या रुंदीपेक्षा आखूड. दुकानदार म्हणाला, "ताई, ही आरपार नाही जायची. दोन बाजूंनी कापावं लागेल."

मी म्हटलं, "तशीच द्या."

काल निंब पाडला. प्रकाशनं रजा टाकली होती. फांद्या आदल्या दिवशीच उतरवल्या. बुंध्याला वरून दोर बांधला आणि मोकळ्या जागेकडं लांबवर ट्रॅक्टर लावला, प्रकाश ट्रॅक्टरवर. भाईंची लेक बाळाला घेऊन शेजारच्या घरी. पाचर अन् घण घेऊन समोर कोण उभं राहणार, तर भाई म्हणाले, "मैं. माझं घर आहे, मीच राहतो."

खाच घेतली. पहिली बाजू कापली. बुंध्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले आणि कटर चालू करायच्या आधी समोर पाहिलं. भाई पाचर धरून उभे होते, पण त्यांची नजर सारखी पत्र्यावर. माझ्या तोंडून तुमचंच निघालं, जसंच्या तसं. "भाई, माह्याकडं पाहा."

भाईंनी पाहिलं. मी कापायला लागले. निम्म्याच्या पुढं गेले आणि निंब कुरकुरला. एकदम घराकडं बसला. काप मिटायला लागला, पट्टी दाबली जाणार असं वाटलं. मी भाईंकडं बघून मान हलवली, त्यांनी पाचरीवर घण घातला. पुन्हा घातला. काप उघडला. प्रकाशनं दोर ताणला. मी बिजागरीपर्यंत आले, कटर बंद केलं आणि मागं सरले. निंब थोडा वेळ विचार करत उभा राहिला आणि मग मोकळ्या जागेकडं वळला. जमीन हादरली. पत्र्यावर एक काटकीसुद्धा पडली नाही, आबा. तुमचा शब्द पुरा झाला. शेजारच्या घरात बाळ दचकून रडायला लागलं आणि भाईंची लेक हसत हसत त्याला बाहेर घेऊन आली.

धूळ बसली. मी वाकले आणि खुंटावरून अंगठा फिरवला. मध्ये पायरी होती, चांगली बोटभर. इकडची बाजू माझी, तिकडचीही माझी. आता कुणावर ढकलू?

भाई मिस्तरी माणूस, त्यांची नजर नेमकी तिथंच गेली. "बेटी, हे काय झालं? दोन्ही बाजू बराबर नाही मिळाल्या."

मी मागं सरले, कंबरेवर हात ठेवले आणि त्या खुंटाकडं रागानं पाहिलं.

"झाड फुगलं, भाई," मी म्हटलं. "ऊन लय आहे."